गरळ पिणारा दगड

मानपाड्याच्या काळुराम पाटलांच्या अंगणात पन्नासेक माणसं जमली होती आणि निम्म्यांचे मोबाइल वर होते. मध्ये बाजेवर काळुराम. गवत कापताना पायाला नाग चावलेला आणि जखमेवर एक काळा दगड चिकटून बसलेला. दगडाचे मालक पंढरीबाबा समजावत होते, "माणूस करतो ते विष, जनावर ओकतं ते गरळ. गरळ डॉक्टरला कळत नाही, माझ्या मण्याला कळतं." शब्दकोशात दोन्हींचा अर्थ एकच निघतो, पण तो उघडायला कोणाला सवड होती!

मी जवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. काळुरामचा मुलगा विकी माझा जुना विद्यार्थी. डॉक्टरांना कळवलंस का, मी त्याला विचारलं.

"फोन केलेला टीचर. पण पंढरीबाबा बोलले, त्यांच्याशिवाय कोणी विषाचा नाव नाय घ्यायचा, घेतला तर चढतं. म्हणून डॉक्टरला बोललो, बापाला चक्कर आली."

डॉक्टरांनी साखरपाणी द्यायला सांगितलं होतं. मला भयंकर संताप आला. इकडे काळुरामच्या पापण्या मिटत होत्या, जीभ जड झाली होती. गुंगी आली म्हणजे गरळ उतरतंय, असं सांगून बाबांनी दगड दुधात टाकला. बुडबुडे आले. बायकांनी हात जोडले.

मी बाबांच्या बटव्यातला दुसरा, कोरडा दगड उचलला, साडीची पिन बोटात टोचली आणि दगड माझ्या रक्तावर ठेवला. चिकटला. दुधात टाकला, तर तसेच बुडबुडे.

"मला कुठला नाग चावलाय?" मी विचारलं. "हे जाळलेलं हाड आहे. ओल्याला चिकटतं, दुधात पडलं की भोकांतली हवा सुटते. पापण्या मिटतात त्या विष चढतंय म्हणून."

विष म्हटल्याबरोबर लोक दचकले. विकीने मात्र बापाला उचलून रिक्षात घातलं. वाटेतच श्वास थांबला. चावून दोन तास झाले होते. सापाच्या विषावरची लस हॉस्पिटलात होती, लवकर आणायला हवं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले.

दहाव्याला विकीची आई कमळाबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही नाव घेतला म्हणून गेला, असा लोका बोलतान."

विकी म्हणाला, "नाय आये. मी नाय घेतला म्हणून गेला."

पंढरीबाबा आता दुसऱ्या गावात आहेत. तुमच्या दारी आले, तर दुधाचा पेला आणू नका. फोन उचला, साप चावलाय, विष चढतंय असं स्पष्ट सांगा आणि माणसाला थेट हॉस्पिटलात न्या.