‘मंजूर’ आणि ‘नंतर’

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे, आणि खरं सांगायचं तर माझा तुमच्यावर अजून विश्वास बसलेला नाही. वाईट वाटून घेऊ नका, माझा कुणावरच चटकन बसत नाही. व्हिडिओ गेम खेळताना तुम्ही दोन्ही हातांत धरता आणि अंगठ्यांनी बडवता, तो मी. या घरात मला ‘रिमोट’ म्हणतात. पूर्वी राग यायचा, आता सोडून दिलंय.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या अंगाचे दोन अर्धे एकमेकांवर बसवले, स्क्रू आवळले आणि शेवटच्या स्क्रूवर एक चकचकीत पट्टी चिकटवली. त्यावर लिहिलं होतं, ‘ही पट्टी फाटल्यास कंपनी जबाबदार नाही.’ त्या स्क्रूंची डोकीही साधी नव्हती. कुठल्याही घरातल्या स्क्रू-ड्रायव्हरने ती फिरली नसती. मला तेव्हाच शंका आली. ज्याच्या पोटात पाप नाही, त्याने पाठीला कुलूप कशाला लावून घ्यावं? पण मला कोण विचारतो! मला एका काळ्या पेटीला जोडलं, खोक्यात घातलं आणि दुकानात पाठवलं. ही पेटी म्हणजे खेळाचं यंत्र. बटणं मी दाबून घ्यायची आणि हुकूम तिने चालवायचा, असा आमचा संसार.

आम्हाला पहिल्यांदा घरी नेलं ते एका परिचारिकेने. दिवसभर दवाखान्यात रुग्णांची उस्तवार करून ती दमून यायची आणि शर्यतीच्या खेळात गाड्या पळवून सगळा शीण काढायची. तिने मला फार जपलं. मग बाजारात नवी पेटी आली आणि आमची रवानगी कपाटात, इस्त्रीच्या मागे झाली. तिथे आम्ही किती काळ धूळ खात पडलो होतो कोण जाणे. कौतुकाचे दिवस नवेपणापुरतेच असतात, हे मी तिथे शिकलो.

या परिचारिकेची एक मोठी बहीण होती, दुसऱ्या गावात राहणारी. ही तिला ताई म्हणायची, म्हणून मीही ताईच म्हणतो. ताई शिवणकाम करायची. तिच्या हातचा कपडा अंगावर कसा बसायचा हे तिची गिऱ्हाइकं अजून सांगतात. एक दिवस तिला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, पण उजवा हात लुळा पडला तो पडलाच. तिने शिलाई मशीनवर चादर टाकली. डाव्या हाताने थोडंफार काही शिव असं कुणी सुचवलं, की ती म्हणायची, “अर्धवट काम मी गिऱ्हाइकाला देत नाही.”

धाकटी रोज तिला फोन करायची. पण त्या फोनमध्ये असायचं काय? “ताई, औषध घेतलंस का? हाताचा व्यायाम केलास का? जिना उतरली नाहीस ना?” लहानपणी जिच्या वेण्या ओढल्या, तीच आता आपली तपासणी करते, हे ताईला सहन होईना. ती नुसतं “हं” म्हणायची आणि फोन ठेवायची. दोघी बहिणींमध्ये एक रुग्ण आणि एक परिचारिका येऊन बसली होती.

धाकटी हुशार. तिने आम्हाला कपाटातून काढलं, पुसलं आणि ताईकडे आणून ठेवलं. “हे घे. तू इथून खेळ, मी तिथून माझ्या नव्या पेटीवर खेळते, नेटने जोडून. रोज संध्याकाळी शर्यत.”

“आणि एका हाताने कसं खेळू? दातांनी?” ताई म्हणाली.

तिचंही खरंच होतं. माझ्या डाव्या अंगाला गाडी वळवायचा दांडा, उजव्या अंगाला वेग आणि ब्रेक. ताईची गाडी जागच्या जागी उभी राहायची. वेगाचं बटण दाबायला डावा हात पलीकडे नेला, की गाडी सरळ भिंतीत. दोनदा तिने मला सोफ्यावर आपटलं. मला लागलं, पण राग तिचा नाही आला. मला घडवणाऱ्याने सगळ्यांना दोन हात गृहीत धरले होते, आणि मला पट्टी लावून बंद केलं होतं.

एके सकाळी शिलाई मशीन दुरुस्त करणारा कारागीर आला. त्याला सगळे मशीनवाला म्हणायचे. तो नेहमीप्रमाणे तेलपाणी करायला आला होता. ताई म्हणाली, “तेल घालून काय करू? मशीन आता शोभेचं.” त्याने मशीनकडे पाहिलं, खाली पडलेल्या पेडलकडे पाहिलं, मग सोफ्यावरच्या माझ्याकडे.

“बाई, पाय चालतो ना?”

“चालतो की.”

“मग गाडी पायानेच हाकायची. त्यात काय एवढं?”

तीन दिवस तो मला पिशवीत घालून फिरला. माझे स्क्रू काढायला त्याने एक जुनी सुई घासून हत्यार बनवलं. पट्टी टर्रकन फाटली. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला उघडलं गेलं आणि मी स्वतःच स्वतःला पाहिलं. आत काय असावं? एक हिरवी पाटी, थोडे रबराचे तुकडे, केसाएवढ्या वायरी. बस्स. एवढ्यासाठी सगळा पहारा! मशीनवालाही हसला. “मला वाटलं आत सोनं ठेवलंय,” म्हणाला.

त्याने शिलाई मशीनचं पेडल माझ्या पोटातल्या वायरींना जोडलं. पेडल जितकं दाबाल, तितकी गाडी पळणार. ब्रेकसाठी ताईच्या डब्यातलं ओव्हरकोटाचं मोठं बटण घेतलं आणि माझ्या डाव्या कडेला असं बसवलं, की तळहाताच्या कडेने दाबता यावं. बटणावर बटण! मी दिसायला ध्यान झालो. पण खरं सांगतो, इतका कामाचा मी कधीच नव्हतो.

आणि मग ताईने गाडी हाकली. तिचा पाय तर शिलाईत मुरलेला. सरळ रस्त्यावर ती पेडल दाबून धरायची, वळण आलं की पाय असा अलगद उचलायची, जसा बाहीचा गोल मुंढा शिवताना उचलतात. त्यामुळे तिची गाडी कधी रस्ता सोडायचीच नाही. धाकटी मात्र प्रत्येक वळणावर आपटायची.

“ताई, आडवी येऊ नकोस!”

“रस्ता काय तुझ्या सासऱ्याने बांधलाय?”

“बाजूला हो म्हणते ना!”

“लहान आहेस, मागून ये.”

रोज संध्याकाळी फोन चालू ठेवून हे असं भांडण. औषधाचा विषय नाही, व्यायामाचा नाही. ताईचे यजमान निवृत्त पोस्टमन. ते चहा घेऊन शेजारी बसायचे आणि हसून हसून चहा सांडायचे. आजूबाजूची मुलं पायाने पळणारी गाडी बघायला दारात गर्दी करायची. मला वाटलं, झालं, आता सुखाचे दिवस आले. संशय थोडा आवरता घेतला. तिथेच चुकलं.

एक दिवस पडद्यावर भलामोठा मजकूर उमटला. पानामागून पान, बारीक अक्षरं, आणि तळाशी एक बटण, ‘मंजूर’. ताई आत होती. पोस्टमनकाकांनी माझ्या अंगावरचं बटण दाबलं आणि मंजूर करून टाकलं. त्यांचाही दोष नाही. आयुष्यभर त्यांनी दारोदार रजिस्टर पत्रं वाटली. “काही नाही हो, नुसती सही करा,” असं म्हणून लोकांच्या सह्या घेतल्या. आपण लोकांची घ्यायचो, तशीच ही कुणीतरी आपली सही घेतंय, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी ताईने पेडल दाबलं, तर गाडी ढिम्म. पडद्यावर शब्द आले, ‘मान्यता नसलेले उपकरण आढळले. कृपया अधिकृत उपकरण वापरा.’

मित्रांनो, ज्या पेटीबरोबर मी कारखान्यातून निघालो, कपाटात धूळ खाल्ली, तिने मला ओळख दाखवली नाही! पेडलचा वास तिला कसा लागला, हे तिने आजवर सांगितलेलं नाही.

काकांनी कंपनीला फोन लावून ताईच्या हाती दिला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. इतकं गोड, की मला पुन्हा शंका आली.

“मॅडम, काही लोक वेगळी उपकरणं जोडून लबाडी करतात. खेळ सर्वांसाठी न्याय्य राहावा म्हणून हे केलंय. तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे.”

“अगं, मी एका हाताची बाई. माझ्यापासून कुणाला धोका आहे?” ताई म्हणाली.

“समजू शकते मॅडम. पण तुमचं उपकरण आमच्याकडे ओळखलं जात नाही.”

“बरं, मग एका हाताने खेळणाऱ्यांसाठी तुमचं काही आहे का?”

पलीकडे थोडा वेळ संगीत वाजलं. “सध्या तरी नाही, मॅडम. आणखी काही मदत करू शकते का?”

लबाड लोक असतात, हे मला मान्य आहे. नाही म्हणत नाही. पण चोर सापडत नाही म्हणून सगळ्या गावाचे हात बांधायचे, ही कुठली राखण? मशीनवाला आला, त्याने मला पुन्हा उघडून पाहिलं. त्याचंही काही चालेना. “शिलाई मशीन कधी विचारतं का, की सुई कुठल्या दुकानातून आणली?” एवढं म्हणून तो बिचारा चहा न घेताच गेला.

पेटीचं नेट तोडलं तर कदाचित मी चाललो असतो. पण नेट तोडलं की धाकटी तुटणार. नाइलाजाने ताईने अधिकृत, कोरा करकरीत कंट्रोलर आणवला. पुन्हा तेच, एक हात आणि दोन्हीकडे कामं. तिची गाडी रडतखडत निघायची. आणि एक दिवस शर्यत ताईच जिंकली.

दुसऱ्या दिवशीही तीच जिंकली. मग तिने कंट्रोलर खाली ठेवला. “मुद्दाम हरतेस ना?”

“थोडीशीच,” धाकटी पुटपुटली.

“रुग्णाला औषध पाजावं तशी शर्यत पाजतेस मला. नको मला ती.” ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. झटका आला तेव्हाही ती रडली नव्हती, असं काका नंतर मशीनवाल्याला सांगत होते. त्या दिवसापासून खेळ थांबला. फोनवर पुन्हा औषध, व्यायाम, जिना सुरू झाले, आणि ताईचं “हं”.

थोड्याच दिवसांनी पेटीने पुन्हा मजकूर दाखवला. नवे नियम. काका पुढे सरसावले आणि थबकले. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ताई शेजारी बसली. वाचता वाचता दुपार कलली. पेटी घरात असली तरी तिच्यातले खेळ तुमचे नाहीत, ते फक्त वापरायला दिलेत. कंपनी केव्हाही काहीही बंद करू शकेल. असं बरंच काही.

“यात माझ्या हाताबद्दल काही आहे का?” ताईने विचारलं.

“काही नाही.”

“मग नामंजूर करा.”

काकांनी शोध शोध शोधलं. पडद्यावर दोनच बटणं होती. एक ‘मंजूर’, दुसरं ‘नंतर’. नामंजूर कुठेच नव्हतं.

“अगं, ही तर टपालपेटी झाली,” काका म्हणाले. “टाकणारे तुम्ही, किल्ली त्यांच्याकडे. पण आमच्या खात्यातसुद्धा माणसाला ‘नको’ म्हणता यायचं. नको असलेलं पत्र आम्ही परत न्यायचो. वर लिहायचो, ‘घेण्यास नकार. पाठवणाऱ्यास परत.’”

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. “मग लिहा की!”

“पार्सल करावं लागेल. वर कापड शिवावं लागेल.”

“मी शिवते.”

काका चपापले. “तुला सरळ शिवण जमेल?”

“त्यांच्यासाठी सरळ कशाला शिवायची? वाकडी चालेल त्यांना!”

मशीनवाल्याला बोलावणं गेलं. त्याने माझ्या पोटातून पेडल सोडवलं आणि पुन्हा शिलाई मशीनला जोडलं. मला रिकामं रिकामं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तक्रार करायला तोंड उघडवेना. चादर निघाली होती. काकांनी सुईत दोरा ओवला. ताईने लुळा हात कापडावर वजनासारखा ठेवला, डाव्याने कापड सरकवलं आणि पेडलवर पाय दिला. मशीन घरघरलं.

पेटीबरोबर मलाही गुंडाळायला काकांनी उचललं, तेव्हा ताई म्हणाली, “त्याला ठेवा. हा त्यांच्या ओळखीचा नाही म्हणाले ना? मग हा आपला.” असा मी बटणांच्या डब्यात राहायला आलो.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटीच होती. काकांनी तो ताईच्या कानाशी धरला.

“ताई, औषध घेतलंस का?”

“मध्ये मध्ये बोलू नकोस गं, शिवण चाललीय. टाका चुकेल.”

मशीनचा आवाज ओळखून धाकटी म्हणाली, “शिवतेस? तू शिवतेस? अगं मग माझ्या गणवेशाची बाही केव्हाची उसवलीय, ती कोण शिवणार?”

“आणून दे. आणि स्वच्छ धुऊन आण, मागच्या वेळी शाई लागली होती.”

“पाच वर्षांपूर्वीची शाई काढतेस होय!”

दोघींचं जुंपलं. काका फोन धरून उभे, हात अवघडला तरी हलले नाहीत.

पार्सल गेलं. कंपनीने काही कळवलं नाही, कळवेल असं मला वाटतही नाही. ताई आता कडेची शिवण, उसवलेल्या बाह्या, पिशव्या असलं काम घेते. शर्यत गेली, हे दुःख तिलाही आहे आणि मलाही.

मित्रांनो, तुम्ही खेळा. खेळण्यात वाईट काही नाही. पण विकत आणलेली वस्तू उघडायची, जोडायची, दुसऱ्याच्या हाताला बसेल अशी करायची मुभा मागत जा, आणि ज्यांच्या हाताला ती बसत नाही त्यांची आठवण ठेवा. पडद्याने ‘मंजूर?’ असं विचारलं, तर आधी नकाराचं बटण शोधा. ते नसेल, तर तुम्हाला विचारलेलं नाही, बजावलेलं आहे.