श्रद्धाचे पाय आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालवायची. आष्ट्यातल्या मगदूमांच्या घरी, रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीखाली माझी जागा आहे. माझ्या काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी पुसत आली आहे आणि लाकडी फळीला एका कडेने चीर गेली आहे. तुम्ही माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखता. मी पायांवरून ओळखते. त्यामुळे मी जे सांगणार आहे, ते पायांविषयीच आहे.

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यात झाला. खाली ओतीव लोखंडाचा सांगाडा आणि पायडल, वर डोकं, आणि दोन्हींना जोडणारा चामड्याचा पट्टा. तिथून मी सांगलीच्या एका दुकानात आले. एके दिवशी गुणमाला मगदूम नावाची तरुण बाई दुकानात शिरली. तिने माझी सुई बघितली नाही की बॉबिनची डबी उघडली नाही. चप्पल काढली, दोन्ही पाय पायडलवर ठेवले, चार-पाच फेरे मारले आणि दुकानदाराला म्हणाली, "ही हलकी हाय. हीच द्या."

गुणमालाने मला पंचवीस वर्षं चालवलं. बागणीच्या, कारंदवाडीच्या बायका ब्लाउजपीस घेऊन तिच्याकडे यायच्या. सणाच्या दिवशी बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, जमलेल्या निम्म्या बायकांच्या अंगावर माझीच शिवण असायची. त्या तिचं कौतुक करायच्या आणि ती माझं. दर रविवारी ती मला तेल घालायची, मऊ चिंधीने पुसायची. मग वयामुळे तिला बारीक दिसेनासं झालं. मी कोपऱ्यात पडणार असं वाटत असतानाच तिच्या मुलाचं, भरतेशचं, लग्न झालं आणि श्रद्धा घरात आली.

श्रद्धा उंब्रजची. लग्नाआधी कऱ्हाडला जाऊन शिवणकाम शिकलेली. ती माझ्यासमोर पहिल्यांदा बसली तेव्हा मला जरा भीतीच वाटली, कारण तिचे पाय फार वेगात चालायचे. उजवा चवडा पुढे, डावी टाच मागे. पण तो वेग एकसारखा असायचा. दोन टाक्यांमधलं अंतर केसभरही बदलायचं नाही. सासूला ती 'आत्ती' म्हणायची. दोघी या खोलीत बसायच्या, श्रद्धा काजं-बटणं करायची, गुणमाला घड्या घालायची आणि सूर्य मावळायच्या आत दोघी जेवायला उठायच्या.

एका दिवाळीत श्रद्धाला सुईत दोरा ओवता येईना. उजव्या डोळ्यापुढे धुकं आल्यासारखं दिसतंय, म्हणाली. डोळा हलवला की दुखायचाही. तीन-चार आठवड्यांत सगळं आपोआप बरं झालं. चष्म्याचं बघू कधीतरी, असं ठरलं आणि ते राहून गेलं. मीही विसरले.

दोन वर्षांनी, चैत्रातल्या लग्नसराईत, श्रद्धा एका नवरीचे ब्लाउज शिवत होती. मधेच तिचा उजवा पाय हलका झाला. म्हणजे पाय पायडलवर होता, पण त्याचं दाबणं मला पोचत नव्हतं. चाक अर्ध्यावर थांबलं आणि उलटं फिरलं. दोरा तटकन तुटला. श्रद्धाने पायाकडे बघितलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. ती उठायला गेली आणि माझ्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत पडली.

"काय झालं गं?" आतून गुणमालाने विचारलं.

"काय न्हाई आत्ती, पायाला मुंग्या आल्या," श्रद्धा म्हणाली आणि माझ्या फळीला धरून उभी राहिली.

त्या दिवसापासून माझ्या मनात धाकधूक सुरू झाली. ती शिवायला बसली की मी तिच्या पायाची वाट बघायची. कधी तो नीट यायचा, कधी ओढत यायचा. एकदा ती दारातून आत आली ती एका पायात चप्पल नसताना. उजवी चप्पल अंगणातच निसटून राहिली होती आणि तिला ते कळलंही नव्हतं. गुणमालाने ती उचलून आणली आणि म्हणाली, "लक्ष कुठं असतंय तुझं?" श्रद्धाने खाली बघूनच चप्पल पायात सरकवली. चौथ्या दिवशी तिला स्टुलावरून उठताच येईना. भरतेशने तिला उचलून गाडीत घातलं आणि मिरजेला नेलं.

माझ्यावर जुनी चादर टाकली गेली. आठ-दहा दिवस खोलीत कुणी आलं नाही. मला एकच प्रश्न छळत होता. इतकी वर्षं ती माझ्यावरच पाय मारत होती. तिचे पाय माझ्यामुळे तर गेले नाहीत?

श्रद्धा परत आली ती हातात काठी घेऊन. सलाईनमधून पाच दिवस औषध दिलं होतं. पाय बरेचसे परत आले होते, पण पूर्वीसारखे नाहीत. शेजारची पल्लवी भेटायला आली, तेव्हा श्रद्धाने तिला सांगितलेलं मी चादरीखालून ऐकलं.

"मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणत्यात. आपल्या मोटरीची केबल उंदरानं कुरतडली की कसं हुतंय बघ. आत तार शाबूत, पण वरचं आवरण गेलं. मग मोटर कवा चालती, कवा बंद पडती. तसं माझ्या नसांचं झालंय. दिवाळीत डोळ्याचं झालं हुतं, ते बी ह्येच."

"मग उंदीर कोण?" पल्लवीने विचारलं.

"आपलंच शरीर. चुकून आपल्यालाच कुरतडतंय." "गोळी रोज घ्यायची. असं अचानक डोळा, पाय जाण्याचं झटके त्यानं कमी येत्यात. पण येणारच न्हाईत असं कुणी सांगत न्हाई."

पल्लवी गेल्यावर श्रद्धा बराच वेळ आपले गुडघे दाबत बसली होती.

घरात ज्याने-त्याने आपापलं कारण शोधलं. कुणी दृष्ट काढली, कुणी तेल चोळायला सांगितलं. गुणमाला म्हणायची, "कसलं कर्म उदयाला आलं बाई." आणि एका दुपारी ती माझ्याकडे बोट दाखवून भरतेशला म्हणाली, "ह्या मशीननंच तिचं पाय खाल्लं. दिवसभर मारायची, दिवसभर. बागणीचा अर्जुना टेलर मागतोय, देऊन टाक त्याला."

"बघू," भरतेश म्हणाला.

मित्रांनो, त्या 'बघू'वर मी एक वर्ष काढलं. दारात टेम्पो थांबला की मला वाटायचं, आला अर्जुना. श्रद्धा मात्र रोज सकाळी याच खोलीत चटई टाकून व्यायाम करायची. मिरजेच्या दवाखान्यातल्या राजनंदिनी मॅडमनी व्यायाम सांगून फोनवर त्यांच्या आवाजात भरून दिले होते. पाय उचला, पाच मोजा, सोडा. मधे मधे त्या सूचनाही द्यायच्या. "पाय अचानक गेले तर उभं राहायची धडपड करू नका. आहे तिथे बसा. गरमी आहे का, ताप आहे का, दमलाय का, ते आधी बघा. अंग गार करा. एका दिवसानंतरही ताकद आली नाही तर वाट बघत बसू नका, आम्हाला फोन करा." ते ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी गुणमाला बस्तीत प्रवचनाला गेली होती आणि भरतेश शेतावर. श्रद्धाने खोलीचं दार लोटलं आणि माझ्यावरची चादर काढली. धूळ पुसली. तेल घातलं. वर्षभरानंतर तिचे पाय पायडलवर आले. मला फार आनंद झाला. ती एका साध्या फडक्यावर शिवण मारत होती, नुसतं जमतंय का बघायला. जमत होतं.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. वरचा पत्रा तापलेला, खिडकीतून झळा येत होत्या. श्रद्धा तरी थांबली नाही. थोड्या वेळाने मला जाणवलं की तिचा उजवा पाय जड झालाय. मग डावाही. मग दोन्ही पाय पायडलवर नुसते पडून राहिले, कुणीतरी वाळूची पोती ठेवावीत तसे.

तिने माझी फळी धरून उठायचा प्रयत्न केला. मी तिच्या बाजूला कलंडले. माझं सगळं लोखंड तिच्या अंगावर पडणार, असं मला वाटलं. तिने पटकन हात सोडला आणि मी पुन्हा चारी पायांवर आले. फोन आतल्या खोलीत होता. तिने दोनदा हाक मारली, पण रस्त्यावर त्या उन्हात कुणी नव्हतं.

तिचा श्वास जोरात चालला होता. ती मांड्यांवर मुठी मारू लागली. "परत न्हाई, परत न्हाई," असं पुटपुटत होती. मग तिने मुठी उघडल्या आणि मोठ्याने, शाळेत धडा म्हणतात तसं, म्हणायला सुरुवात केली. "उभं राहायचं न्हाई. गरमी हाय का? हाय. ताप न्हाई. दमले का? दमले. अंग गार करायचं."

हातांच्या जोरावर ती स्टुलावरून जमिनीवर उतरली. कोपरांवर शरीर ओढत माठाकडे निघाली. माठ खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात होता. मी तिच्या टाचा फरशीवरून मागे ओढल्या जाताना बघत होते आणि मला काहीही करता येत नव्हतं. मधे ती दोनदा थांबली. माठाजवळ पोचल्यावर तिने ओढणी भिजवून मानेवर, डोक्यावर, हातांवर घेतली, तांब्याभर पाणी प्यायली आणि गार फरशीवर आडवी झाली. डोळे मिटून ती पायाची बोटं हलवून बघत होती. बोटं हलत नव्हती. बऱ्याच वेळाने एक अंगठा हलला.

गुणमाला आली, तेव्हा श्रद्धा तशीच पडलेली होती आणि मी उघडी होते. गुणमालाने माझ्याकडे बघितलं, श्रद्धाकडे बघितलं. मला वाटलं, आता माझा शेवट. पण ती खाली बसली आणि सुनेचं डोकं मांडीवर घेतलं.

"कवा पडलीस?"

"पडले न्हाई, मीच उतरले." मग श्रद्धा म्हणाली, "आत्ती, ह्याच्या आधी दोनदा पडले. न्हाणीत. सांगितलं न्हाई."

"का गं?"

"तुमी मशीन इकाल म्हणून. आणि सगळी माझ्याकडं बघून गप बसत्यात, ते सोसत न्हाई म्हणून."

पदर ओला करून गुणमाला सुनेचे तळपाय पुसत राहिली.

संध्याकाळपर्यंत श्रद्धा धरून धरून चालू लागली. सकाळी पाय बहुतेक परत आले होते, पण घरच्यांनी तरीही दवाखान्यात फोन केला. या वेळी मिरजेला गुणमालाही बरोबर गेली. तिथे तिने काय केलं, ते तिने स्वतः मला सांगितलं. हो, मलाच. परत आल्यावर ती एकटी या खोलीत आली, माझी चादर घडी करून ठेवली आणि तेलाची बुधली हातात घेऊन बोलत बसली.

"डॉक्टरला इचारलं मी, मशीननं झालं का म्हणून. न्हाई म्हणाले. मशीनचा काय दोष न्हाई. गार वेळंला, थोडं थोडं चालवलं तर चांगलंच हाय. कालचं ते गरमीनं झालं, नवा झटका न्हाई." तिने चाकात दोन थेंब सोडले. "मी उगंच नाव ठेवलं तुला."

वर्षभर माझ्या अंगात अडकलेली गाठ तेव्हा सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणमालाने माझ्याशेजारी आणखी एक स्टूल ओढलं. श्रद्धा सुईसमोर बसली, गुणमाला तिरकी बसून पायडलवर. एकीचे हात, दुसरीचे पाय. पहिली शिवण इतकी वाकडी आली की दोघी हसायला लागल्या. गुणमाला थांबायच्या वेळी थांबायची नाही आणि श्रद्धा "आत्ती, थांबा, थांबा" म्हणेपर्यंत कापड पुढे निघून जायचं. पंधरा दिवसांत त्यांचं जुळलं. भेगाळलेल्या टाचांचे ते म्हातारे पाय मला पुन्हा मिळाले. भरतेशने पुढे मला एक छोटी मोटर बसवली. कुणालाच जमणार नाही, त्या दिवसासाठी.

ही गोष्ट इथे गोड संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण श्रावणात श्रद्धाचा डावा पाय एका सकाळी बधिर झाला आणि गार पाण्यानेही सुटला नाही. हा खरा झटका होता. फरक इतकाच, की या वेळी तिने लपवलं नाही. चहाच्या वेळी सांगितलं, दिवसभर घरच्यांनी पायावर लक्ष ठेवलं आणि दुसऱ्या सकाळी सगळे दवाखान्यात होते. औषध लगेच सुरू झालं. तरी तो पाय पूर्ण परत आला नाही. आता ती बाहेर काठीशिवाय जात नाही. पुढचा झटका कधी येईल, येईल की नाही, हे डॉक्टरांनाही माहीत नाही. मला तर रोज भीती वाटते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. यंत्र बिघडलं की त्याचा आवाज बदलतो, सगळ्यांना कळतं. माणसाच्या नसा बिघडल्या की बाहेरून काहीच दिसत नाही. तुमच्या घरात, वर्गात कुणी म्हणालं की माझ्या पायात आज जोर नाही, तर त्याला आळशी म्हणू नका, सोंग करतोय म्हणू नका. त्याला बसायला जागा द्या आणि त्याचं म्हणणं खरं माना. आणि तुम्हालाच तसं झालं, तर लपवू नका.

आमच्या घरी आता रोज सकाळी गुणमाला विचारते, "आज पाय कसं हाईत?"

श्रद्धा खरं तेच सांगते. कधी "चांगलं हाईत," कधी "न्हाईतच." आज ती "निम्मं" म्हणाली.

"मग निम्मं तू मार, निम्मं मी मारती," गुणमाला म्हणाली आणि तिने चप्पल काढली.