न सांगितल्यास पाचशे बारा

जीवन सर स्वतःला मोठे दूरदृष्टीचे समजत. अकोल्याच्या त्यांच्या कंपनीत सात माणसं. सहा ऑफिसात, सातवी दामिनी अमरावतीला, राजापेठेतल्या घरी, आठ महिन्यांची लेक मांडीवर घेऊन. सरांच्या हिशेबी तिच्यामुळे कंपनी साडेसहा माणसांची होती.

काम आभासी डिस्कचं. म्हणजे खरी नसलेली, पण संगणकाला खरी वाटावी असं सोंग घेतलेली डिस्क. तिच्यावरची माहिती ठोकळ्याठोकळ्यांनी मोजतात. आजवर ठोकळा पाचशे बारा बाइटचाच होता. आता चार हजार शहाण्णवचाही हवा होता. दामिनीनं ती सोय केली आणि खाली एक ओळ घातली: कुणी आकार सांगितला नसेल, तर पाचशे बाराच धरावा. जुन्या डिस्कांना आकार सांगायची पद्धतच नव्हती. त्या बिचाऱ्या काय सांगणार?

सरांनी त्या ओळीत पाचशे बारा खोडून चार हजार शहाण्णव लिहिलं.

"सर, जुन्या डिस्का वाचताच येणार नाहीत," ती फोनवर म्हणाली.

"काहून येणार नाही? मी टेस्ट करून पाह्यलं. मस्त चालते."

"नव्या, कोऱ्या डिस्कवर पाह्यलं ना?"

"मंग काय जुनाटवर पाहू? आई झाल्यापासून तू त प्रत्येक गोष्टीले डायपर बांधून राह्यली!"

मागे कुणीतरी हसलं. सरांच्या विनोदाला हसणं हे त्या ऑफिसातलं एकमेव वेळेवर होणारं काम होतं.

सरांचे वडील सोयाबीन पेरतात. अठरा इंचांवर पेरलेल्या ओळींत तण काढायचा रुंद पात्याचा डवरा घातला, तर गवतासोबत पीकही उपटून येतं, हे सरांना चड्डीत असल्यापासून ठाऊक. पण ऑफिसात येताना त्यांनी एवढं ज्ञान बांधावरच ठेवलं होतं.

बुधवारी सकाळी अकोल्याच्या एका श्रवण तपासणी केंद्रात नवी आवृत्ती बसवली. तान्ह्या मुलांना ऐकू येतं का, ते तिथं तपासतात. केंद्राच्या मंजुषाताई, ऑफिसातून सर आणि घरून दामिनी, तिघंही व्हिडिओ कॉलवर होते. केंद्राच्या संगणकातलं आभासी यंत्र सुरू झालं, पण नोंदींची डिस्क रिकामी दिसली. पडद्यावर प्रश्न आला: ही डिस्क नव्यानं तयार करायची का?

"'हो' दाबा, ताई," सर म्हणाले. "काही होत नाही."

लेक दामिनीच्या कानातली बाळी ओढत होती. दामिनी ओरडलीच, "मंजुषाताई, हात काढा तिथून! सगळं पुसलं जाईल!"

"दामिनी, गिऱ्हाइकासमोर..."

"सर, बॅकअप कधीचा आहे?"

सर चष्मा पुसू लागले.

मंजुषाताईंनी माउस टेबलाच्या पार टोकाला सरकवला. "हे पाहा जीवनभाऊ, इथं चार हजार लेकरायच्या नोंदी आहेत. कोणाले पुन्हा कधी बोलवायचं, ते यातच आहे. त्यायच्या मायले मी काय सांगू? तुमी सांगान का?"

सरांना एकाएकी खोकला आला.

"माहिती तिथंच आहे, ताई," दामिनी म्हणाली. "फक्त आपण चुकीच्या मापानं शोधून राह्यलो. 'नाही' दाबा, यंत्र बंद करा."

यंत्र बंद झालं; खालचा खरा संगणक चालूच होता. तिनं घरूनच त्याच्या सेटिंगमध्ये त्या डिस्कच्या नावापुढे ठोकळ्याचा आकार लिहिला: पाचशे बारा. यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत लेकीनं बाळी सोडून केस धरले होते. दामिनीनं ते सोडवले नाहीत. मग नावं दिसू लागली. मंजुषाताईंनी मधलीच चार उघडून पाहिली. चारही धड होती.

"पाह्यलं?" सरांचा खोकला बरा झाला होता. "आकार सांगायची आमची नवी सोय आहे, म्हणूनच वाचलं!"

दामिनी काही बोलण्याआधी मंजुषाताईंनीच विचारलं, "हे अजून कुठं कुठं बसवलं?"

"अकरा ठिकाणी," सर पुटपुटले. "उद्या सकाळी चालू होतीन."

"उद्या नाही, सर. आत्ता सगळीकडं थांबवा," दामिनी म्हणाली. "आणि ती ओळ तुमीच बदलली, तुमीच दुरुस्त करा. मी सांगते."

सरांनी अकराही ठिकाणी थांबवायला कळवलं. मग ती सांगत गेली, आणि दूरदृष्टीचे सर एकेका बोटानं टाइप करत गेले. पाच. एक. दोन. "आता जुन्या डिस्कवर टेस्ट करा," ती म्हणाली, आणि निकाल येईपर्यंत तिनं पडद्यावरची नजर काढली नाही.