कान मात्र जागे होते

"छातीत जळजळ होते? आंबट पाणी वर येतं?" डॉक्टरांनी कागदावरची नजर न उचलता विचारलं.

"नाही," सिस्टर म्हणाली.

घरी तिच्या पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली नवऱ्यानं दोन वर्षांपूर्वीच लाकडी ठोकळे सरकवले होते. त्यावर तीन उशा रचून ती जवळजवळ बसूनच झोपायची. पण हे सांगायचं नाही, असं ती घरूनच ठरवून निघाली होती. इथल्या फॉर्मवर तिनं 'नोकरी' या शब्दापुढे 'गृहिणी' असं लिहिलं होतं. म्हणजे पहिलं खोटं दारातच झालं होतं. दुसरं मग फारसं जड गेलं नाही.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, पुलाजवळच्या मोठ्या दवाखान्यात ती एकोणीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये होती. तिथं तिला सगळे 'मोठ्या सिस्टर' म्हणत. हे नाव सेवाज्येष्ठतेनं मिळालेलं होतं. पण वजनाचा काटा एकशे अठरावर गेल्यापासून पॅसेजमधून कुणी ती हाक मारली, की लोक नेमकं काय म्हणताहेत याची तिला खात्री वाटेनाशी झाली होती.

डॉक्टरांनी कागदावर दोन पोटांची चित्रं काढली. एकाचा मोठा भाग कापून टाकून नळीएवढं ठेवायचं, ती स्लीव्ह. दुसऱ्यात वरच्या बाजूला लहानशी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडायची, तो बायपास. त्यांनी सगळं पहिलीतल्या मुलीला सांगावं तसं सावकाश समजावलं आणि तीही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी माना डोलावत राहिली. साखर आहे, म्हणून बायपास जास्त बरा, पण जळजळ नसेल तर स्लीव्हही चालेल, असं डॉक्टर म्हणाले. तिला तेवढंच ऐकायचं होतं.

तिचा हिशेब सरळ होता. स्लीव्ह झाली तर कामावर पित्ताशयाचे खडे काढले म्हणून सांगता येईल. पुढं बारीक झाली तर पथ्य धरलंय म्हणता येईल. बायपासनंतर गोळ्यांची रांग जन्मभराची. त्यात ड्यूटीरूममध्ये कुणाच्या वाढदिवसाला गोडाचा घास जास्त झाला, की घाम, धडधड, चक्कर. तिथं सगळ्याच नर्सा. एकीच्या लक्षात आलं की सगळ्यांना कळलंच.

"लोकांना काय वाटेल यावरून पोट कापून घ्यायचं का?" नवऱ्यानं काल एवढंच विचारलं होतं. तो उपरोधानं बोलला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

निर्णय घेण्याआधी बाहेरच्या खोलीतल्या बाईंशी बोलून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या बाईंचं वह्या-पेनांचं दुकान होतं. चार वर्षांपूर्वी त्यांचा बायपास झाला होता आणि तेव्हापासून दर गुरुवारी दुकान तासभर बंद ठेवून त्या नव्या पेशंटांशी बोलायला येत. अंगानं सडपातळ, दंडाची कातडी सैल लोंबणारी, डाव्या पायात वेगळ्या घडणीचा बूट. त्यांनी काही आडपडदा ठेवला नाही. केस किती गळले, पहिल्या महिन्यात किती वेळा रडू आलं, सगळं सांगितलं.

"मी उशीर केला हो," बाई म्हणाल्या. "सात वर्षं आधीच करायला हवं होतं. तेव्हा डॉक्टर मागं लागले होते, पण मी म्हटलं, मेले तरी पुन्हा त्या टेबलावर झोपणार नाही."

का, असं सिस्टरनं विचारलं. विचारलं नसतं तरी बाईंनी सांगितलंच असतं. त्यांना ते सांगायची सवय झालेली दिसत होती.

त्यांचं गर्भपिशवीचं ऑपरेशन पुलाजवळच्या दवाखान्यात झालं होतं. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर केलेलं. डोळ्यांपुढं हिरवा पडदा.

"कान मात्र जागे होते. एक नर्स म्हणाली, 'एवढ्याला एक चादर पुरायची नाही. तंबू मागवा.' सगळे हसले. डॉक्टरसुद्धा. मीही हसल्यासारखं केलं, पडद्याच्या अलीकडं. कुणी बघत नव्हतं तरी." बाईंनी बुटाकडं पाहिलं. "मग साखर वाढत गेली आणि ही दोन बोटं गेली. त्या बिचारीच्या ते लक्षातही नसेल."

लक्षात होतं. ते वाक्य सिस्टरचं होतं. त्या दिवशी ते असं जमून गेलं होतं, की पुढं कितीतरी वर्षं ती ते चहाच्या वेळी ऐकवत असे आणि नव्या मुलींनाही हसवत असे. पडद्यापलीकडं कोण होतं, हे मात्र तिला काही केल्या आठवेना. चेहरा नाही, नाव नाही. आठवत होती ती फक्त चादर.

तिच्या घशाशी आंबट पाणी आलं. ती उठून बेसिनशी गेली, चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं. तिथूनच बाहेर पडून, फाटकाशी थांबलेल्या नवऱ्याला घेऊन रिक्षात बसता आलं असतं. त्या ऑपरेशनच्या वेळी तिच्या तोंडावर मास्क होता. बाईंना आयुष्यात कळलं नसतं. ती परत येऊन बसली.

"तंबूचं मी म्हणाले होते," ती म्हणाली. "मी तिथं नर्स आहे."

बाई तिच्याकडं बघत राहिल्या. तिच्या चेहऱ्याकडं, मग पोटाकडं, मग खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या अंगाकडं. सिस्टरनं हातातली पर्स पोटावर ओढून घेतली आणि मग लाज वाटून पुन्हा खाली ठेवली.

"मला वाटायचं, ती बाई बारीक असेल," बाई म्हणाल्या.

तिनं माफी मागितली, पण शब्द नीट फुटले नाहीत. बाईंनी ती घेतलीही नाही आणि नाकारलीही नाही. त्यांनी पिशवी उचलली, दुकान उघडायची वेळ झाल्याचं सांगितलं. दाराशी जाऊन मात्र त्या थांबल्या.

"आत्ता चूळ भरायला गेलात. जळजळ होते ना?"

"हो."

"मग ते आत जाऊन सांगा. स्लीव्हनं ती वाढते. रागानं म्हणत नाही, खरंच सांगतेय."

सिस्टरनं आत जाऊन जळजळीचं सांगितलं, ठोकळ्यांचं सांगितलं आणि नोकरीचंही सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी स्लीव्हच्या चित्रावर काट मारली आणि दुर्बिणीच्या तपासाची तारीख दिली. रजेच्या अर्जावरही तिनं बायपास असंच लिहिलं. मेट्रननं अर्ज दोनदा वाचला आणि सही केली. कुजबुज व्हायची ती झालीच. महिनाभर ड्यूटीरूममध्ये ती शिरली, की बोलणं तुटायचं. तिनं ते तुटू दिलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. तीन महिन्यांनी तपासणीसाठी ती मुद्दाम गुरुवार धरून गेली. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. बाईंनी वार बदलून घेतला, आता त्या सोमवारी येतात, असं काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं. कधीपासून, असं तिनं विचारलं. त्या दोघींची भेट झाली त्याच्या पुढच्याच आठवड्यापासून, असं निघालं.

गुरुवारी येणाऱ्या पेशंटांशी बोलायला मग कुणी राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारल्यावर ती हो म्हणाली. तिच्यापुढं बसलेली बाई खरं काय ते दडवू पाहत असेल, तर तिला लगेच ओळखू यायचं. आपण नर्स आहोत हे ती आधीच सांगून टाके.

तिची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असायची. नवरा म्हणे, सोमवारी जात जा की, ड्यूटीची ओढाताण तरी वाचेल. तिनं सुट्टी गुरुवारची करून घेतली, आणि सोमवारी त्या रस्त्यावर कधी पाऊल टाकलं नाही.