अंगठ्याची खोड

मुरगूडच्या केरबा फोटोग्राफरला हल्ली लग्नाच्या नुसत्या नावानंच थकवा यायचा. पण हे लग्न बाळासोच्या पोरीचं होतं, आणि बाळासो म्हणजे लहानपणापासूनचा दोस्त, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. त्यात बाळासो अंथरुणाला खिळलेला. डॉक्टरांनी 'घरी न्या' म्हणून सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला होता. त्याची एकच इच्छा उरली होती. लेकीच्या, संघप्रियाच्या शेजारी, आपल्या पायांवर उभं राहून एक फोटो काढायचा.

"निजल्याला बाप नगं पोरीच्या भिंतीवर," तो केरबाला म्हणाला होता.

केरबाच्या गळ्यात डिजिटल कॅमेरा होता. दोन हजार पाचचं साल. रोलवाल्याला आता कोण विचारतंय? गिऱ्हाइकं तोंडावर सांगायची, डिजिटल असंल तरच या, म्हणून घेतला झालं. पण ते यंत्र काही त्याच्या अंगवळणी पडेना. बटणं ज्वारीच्या दाण्याएवढी, त्यांवरची चित्रं त्याहून बारीक. चष्मा लावला तर बटण दिसायचं पण नवरा पुसट, चष्मा काढला तर नवरा दिसायचा आणि बटण गायब! ज्या शहाण्यानं हे बनवलं, त्यानं एकदा तरी लग्नाच्या गर्दीत घामेजल्या बोटांनी दाबून बघायचं होतं की. जुन्या कॅमेऱ्याचं बरं होतं. फोटो काढला की उजव्या अंगठ्यानं मागचा खटका ओढायचा, रोल पुढं सरकायचा. केरबाचा खटका झिजलेला, म्हणून दोनदा ओढावा लागायचा. अर्धं आयुष्य त्यात गेलं आणि अंगठ्याला ती खोडच लागली.

समाजमंदिरात बुद्धवंदना झाली, नवरा-नवरीनं हार घातले. केरबानं सावकाश, अंगठा सांभाळून फोटो काढले. बाळासोला बाजेसकट आणून कडेला ठेवलं होतं. मग तिथून तो म्हणाला, "उठवा मला."

घरच्या दोघांनी काखेत हात घालून त्याला उभा केला.

"आता सोडा."

"आबा, पडशीला," संघप्रिया म्हणाली.

"सोडा म्हंतो न्हवं!"

सोडलं त्यांनी. पांढऱ्या साडीतली लेक शेजारी येऊन उभी राहिली. बाळासोची पोटरी लटलट कापत होती, पण मान ताठ होती. केरबाचा जीव त्या पायांत अडकला. आत्ता पडतोय की मग पडतोय, म्हणून त्यानं धडाधड फोटो काढले. मग बाळासो मटकन खाली बसला आणि त्याला पुन्हा बाजेवर आडवं करावं लागलं.

केरबा खांबाआड जाऊन फोटो बघायला लागला. हारांचे होते, मंडपाचे होते, वऱ्हाडाचे होते. बाळासोचा एकही नव्हता. कॅमेरा भिंतीकडं धरून त्यानं एक फोटो काढला आणि या वेळी नजर अंगठ्यावर ठेवली. फोटो निघाला, आणि अंगठ्यानं खटक्याच्या जागी दोनदा दाबलं. तिथं पुसायचं बटण होतं. एकदा दाबलं की यंत्र 'पुसू का?' विचारायचं, पुन्हा दाबलं की पुसून टाकायचं. केरबाला स्वतःची भयंकर लाज वाटली.

गप्प बसावं असंही वाटलं त्याला. बाळासो समाधानानं तरी जाईल. पण मग पोरीच्या हाती काय राहणार? तो बाजेपाशी गेला.

"बाळासो, तुझं उभ्याचं फोटो पुसलं गेलं रं माझ्या हातनं."

"समदं?"

"समदं."

"भले शाब्बास!" बाळासो म्हणाला. मग बाजेच्या कडेला हात टेकत, "उठवा पुन्यांदा."

उठवायला गेले, पण पायांनी धरलंच नाही. बाळासोनं डोळे मिटून घेतले. "ऱ्हाऊ दे. दमलो. असाच काढ."

संघप्रिया बाजेच्या कडेला बसली, बापाचा हात हातात घेतला. केरबानं अंगठा मुठीत दुमडून, कॅमेरा कसाबसा सावरत फोटो काढला. हा राहिला. त्यानं बाळासोला दाखवला.

"म्हातारा झालो की रं," बाळासो म्हणाला. मग केरबाकडं रोखून बघत त्यानं विचारलं, "मी उभा ऱ्हायलतो. तू बघितलास, का नुस्ती बटणंच दाबत हुतास?"

"बघितलं."

"मग पोरीला सांग."

"आबा, मी शेजारीच हुते की," संघप्रिया म्हणाली.

"न्हाय पोरी," केरबा म्हणाला. "तू कॅमेऱ्याकडं बघत हुतीस. तुला दिसलं न्हाय. कुनाचा हात न धरता उभा हुता तुझा बा, आन् तुझ्याकडंच बघत हुता."