सोनियाच्या कॉम्प्युटरचा कूलर

मल्हारी फर्दापूरहून एसटीनं शहरात आला तो मांडीवर सुनेचा कॉम्प्युटर घेऊन. कॉम्प्युटर कसला, भाकरीच्या डब्याएवढा चपटा डबा. पशुसखीचं, म्हणजे गावातल्या जनावरांची तपासणी आणि प्राथमिक उपचार करायचं, प्रशिक्षण घेतल्यापासून त्याची सून सोनिया वाडीतल्या मेंढ्यांच्या लेंड्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची. त्याला जोडलेल्या कॅमेऱ्यातून जंतांची अंडी बघून ती मोजायचं काम हा डबा करायचा. पण ऊन तापलं तसा मोजणी सुरू झाली की पाचव्या मिनिटाला तो बंद पडायला लागला.

मल्हारीचा त्या मोजणीवर विश्वास नव्हता. मेंढी वाळली की नजर लागली, एवढंच त्याला ठाऊक. यंदा चार मेंढ्या अशाच गेल्या. आता त्याच्या लाडक्या काळुंगी मेंढीनंही चारा सोडला होता, म्हणून तो मुकाट्यानं सुनेबरोबर निघाला.

छावणी भागातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दुकानदार अभयनं डबा उघडला आणि आतला लहानसा पंखा उचकटून काढला. खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये राखाडी थर घट्ट बसला होता. मल्हारीनं तो चिमटीनं ओढला, बोटांवर चोळला.

"आरं, हे तर कोकराचं जावळ हाय!"

सोनिया ओशाळली. "मेंढवाड्याशेजारीच ठेवते ना मी, मामा."

अभयनं पाती काढली, खालची उष्णता ओढून घेणारी, आता वाळलेली पेस्ट पुसली. एक चकचकीत चौकोन उघडा पडला. "हा प्रोसेसर, बाबा. सगळा हिशोब हाच करतो. ह्या पत्र्याखालचा खरा तुकडा तर नखाएवढाच आहे."

"लई वीज खात आसंल?"

"पस्तीस वॅट. तुमचा जुना पिवळा बल्ब साठचा असायचा."

मल्हारी वाकून बघत राहिला. बल्बापेक्षाही कमी विजेवर चालणारं नखाएवढं काहीतरी, आणि ते मोजतं! "मग तापतंय कशानं?"

"एवढ्याशा जागेत सगळं काम. उष्णता बाहेर नाही गेली, तर जळू नये म्हणून स्वतःच बंद पडतं."

अभयनं प्रोसेसर थंड ठेवणारे तीन कूलर, म्हणजे पंखा बसवलेले पात्यांचे ठोकळे, मांडले. पहिला रंगीत दिव्यांचा, वीतभर उंच. "हा डब्यात मावणार नाही, आणि एवढ्याशा प्रोसेसरला लागतही नाही." दुसरा बुटका, दाट पात्यांचा, तांब्याच्या बुडाचा. तिसरा साधा ॲल्युमिनियमचा, साडेचारशेचा, विरळ पात्यांचा.

"दुसरा जास्त थंड ठेवतो," अभय म्हणाला.

सोनियाचा हात दुसऱ्याकडं गेला. मल्हारीनं मान हलवली. "नाय, पोरी. बारीक दातांची फणी लोकरीत लगेच भरती. हे विरळ घे. ब्रशनं झाडलं की झालं."

अभयनं तांब्याच्या बुडाचा कूलर परत खोक्यात ठेवला. "बाबा बरोबर बोलले. पस्तीस वॅटला हा पुष्कळ झाला. पंखाही चार क्लिपांवर निघतो."

त्यानं मटारएवढी नवी पेस्ट ठेवली आणि कूलर बसवला. "आता खरी परीक्षा. मोजणी लावा."

सोनियानं पिशवीतून सूक्ष्मदर्शक काढला. काळुंगीच्या सकाळच्या लेंडीचा नमुना तिनं सोबत आणलाच होता. दुकानातल्या पडद्यावर धुरकट पिवळं पाणी पसरलं. मग एकेका लंबगोलाभोवती आपोआप हिरवं कडं उमटू लागलं. वीस. साठ. दीडशे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पंखा बारीक घुमत होता. कोपऱ्यातला तापमानाचा आकडा अठ्ठावन्नवर येऊन थांबला, पुढं सरकेना.

"मामा, हे बघा." सोनियानं एक अंडं मोठं केलं. आत वेटोळं घालून काहीतरी बसलं होतं. ते वळलं. पुन्हा वळलं.

मल्हारीनं डोक्याचा फेटा काढून हातात घेतला. चाळीस वर्षं मेंढरं राखली, हातानं पोट चाचपलं, दात बघितले, आणि हे रोज त्याच्या पायाखाली पडत होतं.

"जित्तं हाय," तो हळूच म्हणाला.

"व्हय, मामा."

"आन् मोजतंय कोण? त्यो नखाएवढा?"

"तोच."

त्यानं डब्याजवळ तळहात धरला. कोमट वारा लागत होता. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. मागं दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी अभयनं त्याला बाजूला व्हायला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोनियानं जनावरांच्या डॉक्टरांना आकडा कळवला, आणि त्यांनी सांगितलेलं औषध मल्हारीनं स्वतः काळुंगीला पाजलं. आठवड्यानं ती कडब्याला तोंड लावू लागली. तोवर मल्हारी वाडीत घरोघर हे सांगत फिरून आला होता. रविवारी सकाळी सोनिया दार उघडते तर अंगणात वाडीतले मेंढपाळ कारभारी, कडुबा आणि सर्जेराव पळसाच्या पानांत लेंड्या बांधून रांगेनं बसलेले, आणि मल्हारी त्यांना बजावत होता, "गडबड करू नका. त्याला दमानं मोजू द्या."