दुसरं टिंब

विद्यापीठात त्यांना तोंडावर ‘सर’ म्हणत आणि पाठीमागे ‘नुक्तासाहेब’. उर्दूत अक्षरावरच्या टिंबाला नुक्ता म्हणतात, आणि या गृहस्थांचं अख्खं आयुष्य टिंबं मोजण्यात गेलं होतं. टोपणनाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून आवडतही होतं.

एकतीस वर्षं त्यांनी उर्दूचं भाषाशास्त्र शिकवलं. तरुणपणी खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून ते शिंप्यांच्या, लोहारांच्या, पुस्तकबांधणीच्या दुकानांत तासन्‌तास बसत आणि धंद्यातले शब्द गोळा करत. त्याचा दोन खंडांचा कोश झाला. पुढे विद्यार्थी आटले, शेवटच्या वर्षाला दोघंच उरले, त्यातला एक झोपायचा. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या खोलीत विद्यापीठाने झेरॉक्सचं मशीन ठेवलं.

सवय मात्र वाईट. समोरचा बोलू लागला की यांचं लक्ष उच्चाराकडे. हा ‘क’ घशातून यायला हवा होता, तो ‘ज’ दातांतून. बोलणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत यांची दुरुस्ती तयार. मग माणसं हळूहळू त्यांच्यापुढे बोलायचीच थांबली. जावई तर फोनवर ‘हो’ आणि ‘बरं’ याच्या पलीकडे जात नसे. तेवढ्यात चूक निघायचा धोका कमी. बायको अकरा वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली, ती तिकडचीच झाली. भांडण नाही, तंटा नाही. नात आता पाचवीत होती. दर रविवारी बायकोचा फोन येई, तब्येतीची चौकशी होई आणि दोन मिनिटांत संपे. तीन खोल्यांपैकी दोन पुस्तकांनी बळकावल्या होत्या. दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघत नसे, आणि मग दूधवाल्याला ‘अर्धा लिटर’ म्हणताना आवाज चिरकायचा. एकटं वाटतं असं ते कोणाला म्हणाले नाहीत. म्हणणार तरी कोणाला?

त्यांचं सगळं नाव एका शब्दावर उभं होतं. लोक विसरून गेलेल्या एका जुन्या कवीची पत्रं त्यांनी संपादित केली होती. शेवटच्या आजारात कवीने परगावाहून बायकोला लिहिलं होतं, ‘तुम्हारे साथ तबाह हुआ.’ तुझ्यासोबत मी धुळीला मिळालो. या एका ओळीवरून प्राध्यापकांनी सिद्ध केलं, की कवीच्या कवितेतलं सगळं दुःख त्याच्या संसारातून आलं. सिद्धान्त गाजला. त्याच्या आधारावर बारा जण पीएचडी झाले आणि ती बाई, मरून शंभर वर्षं झाल्यावर, कजाग ठरली.

गंमत अशी, की उर्दूत ‘तबाह’ आणि ‘निबाह’ जवळजवळ सारखेच लिहितात. पहिल्या अक्षरावर दोन टिंबं असली तर तबाह, एकच असलं तर निबाह. निबाह म्हणजे निभावणं, शेवटपर्यंत सांभाळून नेणं. ‘तुझ्यासोबत निभावलं.’ फरक म्हणाल तर एका टिंबाचा, म्हणाल तर सगळ्या संसाराचा.

छापखान्याला द्यायची प्रत त्या काळी बायकोनेच लिहिली होती, कारण यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. उर्दू ती यांच्याकडूनच शिकली होती. तिने त्या शब्दावर एकच टिंब दिलं. यांनी लाल शाईने दुसरं दिलं. एका शनिवारी दुपारी चार सहकारी चहाला आले असताना विषय निघाला, तेव्हा ती म्हणाली, पुढचं वाक्य तर बघा. दाराची कडी सैल झालीय, सुताराला बोलाव, मी नसताना तुला भीती वाटते, असं लिहिलंय त्यांनी. धुळीला मिळालेला माणूस कडीची काळजी कशाला करेल?

त्यावर फारसीचे प्राध्यापक, यांचे जिवलग मित्र, पटकन म्हणाले होते, “या घरात तबाह होण्यालाच निबाह म्हणतात.” सगळे पोट धरून हसले. ती रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन आत गेली, आणि त्या दिवसानंतर तिने यांच्या एकाही कागदाला हात लावला नाही. असल्या टवाळखोराला घरात घेतलंच कशाला, असं यांना पुढे चाळीस वर्षं वाटत राहिलं. त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. दोन वर्षांपूर्वी तो वारला, तेव्हाही हे गेले नाहीत.

यंदा पत्रांची नवी आवृत्ती निघायची होती. ग्रंथालयात मूळ कागदांची साफसफाई चालली होती, म्हणून एकदा नजर घालावी असं त्यांनी ठरवलं. पहिल्या वेळचं काम सगळं फोटोंवरून केलेलं. मूळ पत्र काचेआडून पाहिलं होतं, तेही पाच मिनिटं. हस्तलिखितं दुरुस्त करणाऱ्या बाईंनी ते पान दिव्याखाली ठेवलं आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. पहिलं टिंब काळं, कागदात मुरलेलं. दुसरं जरा तपकिरी, आणि कागदाच्या वर उचललेलं.

बाईंनी विचारलं, काढू का? त्यांनी मान हलवली. बाईंनी काडीला कापूस गुंडाळला, पाण्यात बुडवून पिळला आणि त्या ठिपक्यावर हलकेच फिरवला. ठिपका कापसावर आला.

“माशीची घाण आहे, सर,” बाई म्हणाल्या. “या गठ्ठ्यात पानोपानी आहे.”

चाळीस वर्षांचा सिद्धान्त एका माशीने मांडला होता. प्राध्यापकांना हसू यायला हवं होतं, पण ते स्टूल ओढून बसले. त्यांनी पाणी मागितलं. बाईंनी आधी पान दूर सरकवलं, मग ग्लास दिला.

पुस्तकाचा संपादक त्यांचाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, राहू द्या सर, कोणाला कळणार आहे? तिसरं प्रकरण उभंच त्यावर आहे. प्राध्यापकांनी सांगितलं, तिसरं प्रकरण काढून टाक. आणि प्रस्तावनेत लिही, की हे वाचन मुळात माझ्या पत्नीचं होतं आणि मी ते खोडलं होतं. संपादकाने ते लिहून घेतलं.

खरं सांगायचं तर प्रकरण गेल्याचं त्यांना फारसं दुःख झालं नाही. मनात दुसरंच घोळत होतं. तिचं बरोबर होतं हे आता छापून येणार. अढी होती ती एवढीच. अढी सुटली की बायको परत येईल. ते इतके हरखले, की दुसऱ्या खोलीतल्या खाटेवरची पुस्तकं त्यांनी दोन दिवस खपून खाली उतरवली. कंबर धरली, पण खाट मोकळी झाली.

रविवारची वाट न बघता बुधवारीच त्यांनी फोन लावला. ती घाबरली, पडलात का, म्हणाली. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं, पान, भिंग, माशी, प्रस्तावना.

“कोणता शब्द?” तिने विचारलं.

त्यांनी पुन्हा सांगितला. ती म्हणाली, कडीचं काहीतरी होतं, ते अंधुक आठवतं. शब्द काही आठवत नाही.

“असं कसं? त्या शब्दावरून तर तू माझं लिहायचं सोडलंस.”

“शब्दावरून नाही हो. हसलात त्यावरून.”

“ते त्या फारसीवाल्यामुळे. त्याला मी शेवटपर्यंत माफ केलं नाही.”

“त्यांना कशाला?” तिला खरंच नवल वाटलं होतं. “ते तर माझ्यामागून आत आले होते. म्हणाले, वहिनी, मला तुमचंच बरोबर वाटतं. तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी?”

“आणि मग ते वाक्य?”

“ते वाक्य तुमचं होतं.”

निनावी ओळ पाहून लिहिणारा ओळखणं हे तर त्यांच्या पोटापाण्याचं काम होतं. त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा वाचलं. फारसीवाला गोष्ट सांगायला लागला की चहा निवायचा. त्याला एवढं आखूड, एवढं धारदार कधी जमलंच नसतं. टिंबाटिंबावरून कोटी करायची खोड त्या खोलीत एकाचीच होती. वाक्याखाली सही असती तरी इतकं स्पष्ट झालं नसतं.

“हो,” ते म्हणाले. “माझंच आहे.”

“मग झालं तर,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने विचारलं, अजून काही काम होतं का?

नाही, ते म्हणाले. खाट मोकळी केल्याचं त्यांनी सांगितलं नाही.